एससीपी वारंवार अडतंय? एररचे शब्द वाचा, दुखणं तिथेच लिहिलेलं असतं

एससीपी या कमांडने फाइल या मशीनवरून त्या मशीनवर न्यायची, एवढंच काम. काल झालं, आज अडलं. मग शोधाशोध करून सापडतील ते सगळे उपाय एकामागून एक मारून बघायचे: परमिशन 777 (सगळ्यांना सगळे हक्क), फायरवॉल बंद, होस्ट-कीची (सर्व्हरच्या ओळखीच्या खुणेची) तपासणी बंद. त्यातल्या एखाद्याने काम होतंही, पण कशाने झालं ते कळत नाही आणि आठवड्याभरात तोच घोळ पुन्हा समोर. 777 ने तर उलटच होतं, ते पुढे येईल.

वाटेत पाच नाके असतात: मशीनपर्यंत पोहोचणं, ओळख पटवणं, पलीकडचं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) गपचूप सुरू होणं, डेटा वाटेत न अडकणं आणि शेवटी फाइल लिहिली जाणं. गाडी कोणत्या नाक्यावर थांबली ते एररच्या शब्दांवरून जवळजवळ नेहमीच कळतं. एका नाक्याचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

खाली कमांड आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. लहान-मोठ्या अक्षराचा घोळ होतो तिथे तसं सांगितलं आहे, नाहीतर पर्यायाचं अक्षर लहान धरा, कारण या धंद्यात निम्मे घोळ त्यानेच होतात.

पोहोचलो का?

एससीपी काय, एसएफटीपी काय, नेहमीच्या वापरातलं आरसिंक काय, फाइल नेणारे हे सगळे आतून एसएसएचवरच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन देणाऱ्या सोयीवरच, चालतात. म्हणून फाइल बाजूला ठेवा आणि आधी नुसतं एवढं चालवा:

एसएसएच -व्ही नाव@सर्व्हर

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीन सापडलं आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही किंवा कोणीतरी मुद्दाम नाकारतंय. 'कनेक्शन टाइम्ड आउट' आलं तर पाकीट वाटेतच गडप होतंय: पत्ता चुकला, मशीन बंद आहे किंवा फायरवॉल काही न बोलता टाकून देतोय. क्लाउडवरच्या सर्व्हरला बहुतेक वेळा हेच होतं, कारण घरचा आयपी बदललेला असतो आणि परवानगी कालच्या आयपीला दिलेली असते.

'आत्ता पाच मिनिटांपूर्वी चालत होतं, आता रिफ्यूज्ड, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू' असा प्रकार असेल तर सर्व्हरवर फेलटूबॅन (चुकीचे लॉगिन मोजून आयपी बंद करणारा प्रोग्रॅम) आहे का ते बघा. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुकीचे प्रयत्न झाले की तो आयपी दहा मिनिटांसाठी बंद होतो. एखाद्या स्क्रिप्टमध्ये जुना पासवर्ड राहून गेला असेल तर हे दिवसभर आलटून पालटून चालू राहतं.

पोर्टचा घोळ इथलाच. एसएसएचला पोर्ट लहान पीने सांगायचा, एससीपी आणि एसएफटीपीला मोठ्या पीने. एससीपीत लहान पी आधीच अडकलेला होता. तो जुन्या आरसीपीकडून आला आणि फाइलची वेळ व परमिशन जशीच्या तशी ठेवतो. एससीपीला लहान पी आणि पुढे 2222 दिलंत तर ते 22 वरच जाऊन धडकतं आणि वर 2222 नावाची फाइल शोधत बसतं. आरसिंकमध्ये मोठ्या पीचा अर्थ तिसराच: अर्धवट फाइल ठेव आणि प्रगती दाखव. पोर्ट द्यायचा तर तिथे 'हायफन ई' आणि पुढे अवतरणात 'एसएसएच लहान पी 2222'. हे पाठ करण्यापेक्षा होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल करा आणि होस्ट, होस्टनेम, यूजर, पोर्ट अशा चार ओळी लिहून टाका. मग तिन्ही कमांडना ते टोपणनाव पुरतं.

'परमिशन डिनाइड' दोन असतात

हे दोन प्रकार वेगळे न करता तासन् तास वाया जातात. 'परमिशन डिनाइड'नंतर कंसात 'पब्लिककी' (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी की-फाइल) किंवा 'पासवर्ड' असे शब्द असतील तर लॉगिनच झालेलं नाही. कंस नसून त्याआधी एखाद्या फाइलचा मार्ग दिसत असेल तर लॉगिन व्यवस्थित झालंय, त्या फोल्डरात लिहायचा हक्क तेवढा नाही.

पहिल्या प्रकारात नेहमीचे आरोपी तीन. पहिला, चुकीचं वापरकर्ता-नाव. नाव दिलंच नाही तर तुमच्या लॅपटॉपवरचं नाव जातं. दुसरा, पलीकडची परमिशन: डॉट-एसएसएच फोल्डर 700, ऑथराइज्ड-कीज फाइल (कोणत्या की चालतील त्याची यादी) 600, आणि होम फोल्डरवर मालकाखेरीज कोणालाही लिहायचा हक्क नको. घाईत दिलेला 777 इथे बाधतो. होम फोल्डर सगळ्यांना लिहिण्याजोगं झालं की सर्व्हर त्यातल्या कीवर विश्वासच ठेवत नाही. तुमच्या पडद्यावर याचं कारण दिसत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. डेबियन-उबुंटूच्या घराण्यात ऑथ-डॉट-लॉग, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाची फाइल. दोन्ही व्हार-लॉग फोल्डरात. नव्या डेबियनमध्ये ती फाइल नसेल तर 'जर्नल-सीटीएल' कमांडने लॉग बघा. रेड हॅटवर परमिशन बरोबर असूनही की नाकारली जात असेल तर डॉट-एसएसएचवर 'रिस्टोअरकॉन -मोठा आर -व्ही' चालवा, एसईलिनक्स या जादा सुरक्षा-पहाऱ्याची खूण चुकलेली असते.

तिसरा आरोपी जुनी की. सप्टेंबर 2021 मधल्या ओपनएसएसएच 8.8 पासून एसएचए-1 वर आधारलेली आरएसए सही मुळातच बंद आहे. आरएसए की स्वतः बाद झालेली नाही. पण दोन्हीपैकी एक बाजू फार जुनी असेल तर दोघांचं जमत नाही. ईडी25519 प्रकारची नवी की करा. जुनी सही परत सुरू करून ठेवण्यापेक्षा ते बरं.

'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' वेगळं. एजंटमध्ये (की हाताशी ठेवणारा प्रोग्रॅम) सात-आठ की भरलेल्या असतात, एसएसएच त्या एकेक करून पुढे करतं, आणि सर्व्हर मुळात सहाच प्रयत्न देतो. बरोबर की पाळी येण्याआधीच दार बंद. कॉन्फिगमध्ये त्या होस्टखाली आयडेंटिटीफाइलचा मार्ग द्या आणि 'आयडेंटिटीज-ओन्ली येस' लिहा.

विंडोज सर्व्हरवर खातं अॅडमिनिस्ट्रेटर गटातलं असेल तर होम फोल्डरमधली ऑथराइज्ड-कीज फाइल वाचलीच जात नाही. प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात अॅडमिनिस्ट्रेटर्स-अंडरस्कोर-ऑथराइज्ड-अंडरस्कोर-कीज नावाची फाइल लागते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लिहायचा हक्क नाही तिथे, रूटचं (सर्वाधिकारी खात्याचं) लॉगिन उघडायला जाऊ नका. फाइल आधी आपल्या होममध्ये टाका आणि मग तिथून सुडोने (तेवढ्यापुरते रूटचे हक्क घेऊन) हलवा. वेबसाइटच्या फोल्डरात हलवत असाल आणि सर्व्हर रेड हॅट घराण्यातला असेल तर एमव्हीऐवजी (फाइल हलवणं) सीपी (प्रत करणं) बरं, कारण एमव्ही होम फोल्डरची एसईलिनक्स-खूण सोबत नेतं आणि मग फाइल जागेवर असूनही ब्राउझर 403 दाखवतो.

'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग' आणि तो विचित्र आकडा

लॉगिन झालं, एसएसएच छान चालतंय, पण एससीपी किंवा एसएफटीपी म्हणतं: 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग 1416128883'. फाइल दोन केबीची आणि हे अब्जांत बोलतंय. लोक डिस्क तपासतात, नेटवर्क तपासतात. चूक असते पलीकडच्या बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये.

एसएफटीपीच्या बोलीत प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट म्हणजे त्या संदेशाची लांबी. पलीकडच्या शेलने सुरू होताना काही मजकूर छापला तर त्याचीच पहिली चार अक्षरं आकडा म्हणून वाचली जातात. वरचा आकडा सोळाच्या पद्धतीत 54 68 69 73 असा होतो, म्हणजे रोमन लिपीतलं 'धिस'. कोणीतरी 'धिस सर्व्हर...' असं स्वागत लिहून ठेवलंय. 262144 बाइटपेक्षा मोठा संदेश एसएफटीपी घेत नाही, त्यामुळे ते तिथेच हात झटकतं.

स्वागत मराठीत असेल तर? 'नमस्कार'मधल्या 'न'चे यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट होतात, ई0 ए4 ए8, आणि चौथा बाइट 'म'चा पहिला, पुन्हा ई0. आकडा येतो 3768887520. देवनागरी स्वराने किंवा व्यंजनाने सुरू होणारा जवळजवळ कोणताही शब्द घ्या, आकडा 37688 नेच सुरू होणार. तो दिसला की समजायचं, सर्व्हरवर कोणीतरी हौशी मराठी माणूस आहे.

आरसिंकला हेच दुखणं झालं की ते 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच' म्हणतं आणि पुढे विचारतं, 'इज युवर शेल क्लीन?' इतका नेमका प्रश्न विचारणारी एरर विरळाच, पण पहिल्या तीन शब्दांवर जाऊन लोक आरसिंकची आवृत्ती बदलत बसतात.

खात्री अशी करा:

एसएसएच नाव@सर्व्हर ट्रू | डब्ल्यूसी -सी

उत्तर 0 यायला हवं. 1 आलं तरी काहीतरी छापलं जातंय. उपाय म्हणजे ती एको ओळ, निओफेच (सिस्टिमची माहिती छापणारा प्रोग्रॅम), तारीख, जे काही असेल ते बॅशआरसीतून काढून बॅश-प्रोफाइलमध्ये टाका. ती फाइल फक्त लॉगिनच्या शेलला लागते. उबुंटू आणि डेबियनच्या मूळ बॅशआरसीत अगदी वर 'शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत' अशी अट असतेच. आपली ओळ त्या अटीच्या वर घुसवली की हा प्रकार होतो. अटीखाली ठेवा, पुरे.

'सबसिस्टम रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल 0'

लॅपटॉप अपडेट केला आणि घरचा राउटर, जुना नॅस (नेटवर्कवरची साठवण-पेटी) किंवा एखादं छोटं बोर्ड यांच्याकडे फाइल जाईना. यात तुमचं काही चुकलेलं नाही. एप्रिल 2022 मधल्या ओपनएसएसएच 9.0 पासून एससीपी नावाची कमांड आतून एसएफटीपी वापरते. जुनी पद्धत कालबाह्य आणि सहज दुरुस्त न होणारी आहे, असं ओपनएसएसएचच्या लोकांनी 2019 मध्येच सांगून टाकलं होतं. पण ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच-सर्व्हरवर चालणाऱ्या, राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीसारख्या छोट्या सिस्टिममध्ये एसएफटीपी-सर्व्हर मुळात नसतो. त्या एका कामापुरता एससीपीला मोठा ओ द्या, म्हणजे ते जुन्या पद्धतीवर जातं. राउटर नेहमीचाच असेल तर त्यावर ओपनएसएसएच-एसएफटीपी-सर्व्हर हे पॅकेज टाका.

याच बदलाने जुन्या स्क्रिप्टही मोडल्या. पूर्वी पलीकडचा मार्ग तिकडचं शेल उलगडत असे, म्हणून नावातल्या रिकाम्या जागेसाठी दुहेरी अवतरण आणि वर उलटी तिरकी रेघ द्यावी लागायची. आता शेल मधे नसतं, ती उलटी रेघ नावाचाच भाग धरली जाते आणि 'नो सच फाइल' येतं. एकदाच अवतरणात घाला.

सुरू होतं आणि 'स्टॉल्ड'

लॉगिन होतं, लहान फाइल जाते, मोठी काही केबी गेल्यावर 'स्टॉल्ड' म्हणून बसते. किंवा 'एसएसएच -व्ही'ची शेवटची ओळ 'एक्स्पेक्टिंग' ने सुरू होऊन 'केईएक्स... रिप्लाय' वर गोठते. त्यातही व्हीपीएन लावलं की होतं आणि काढलं की नाही, असं असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बघा. तुमचं मशीन 1500 बाइटची पाकिटं पाठवतंय, मधला बोगदा तेवढी घेत नाही, आणि 'लहान करा' हा परतीचा निरोप कुठल्यातरी फायरवॉलने अडवलाय. लहान पाकिटं सुटतात, भरलेली तेवढी गायब.

मोजून बघा. लिनक्सवर 'पिंग -मोठा एम डू -लहान एस 1472 सर्व्हर', विंडोजवर 'पिंग -एफ -एल 1472 सर्व्हर'. 1472 मध्ये हेडरचे 28 मिळवले की 1500. उत्तर आलं नाही तर 1464 देऊन बघा. पीपीपीओई (काही ब्रॉडबँडच्या) जोडणीत 1492 च मिळतात, त्यात हा आकडा बसतो. तिथेही नाही तर 1372 पर्यंत खाली या. सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर ही चाचणी फसवते, म्हणून आधी साधा पिंग जातो ना ते बघून घ्या. 1372 ला चाललं तर इंटरफेसचा एमटीयू 1400 करा: 'आयपी लिंक सेट डेव्ह', पुढे इंटरफेसचं नाव, मग 'एमटीयू 1400'. मशीन पुन्हा सुरू केलं की हे पुसलं जातं, त्यामुळे गुण आला की व्हीपीएनच्याच सेटिंगमध्ये कायमचं लिहा. अशा वेळी एससीपीला लहान एल देऊन वेग कमी करण्याचा सल्ला मिळतो. त्याने पाकिटाचा आकार बदलत नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने 'ब्रोकन पाइप' येणं हे निराळं दुखणं आहे. जोडणी खरंच तुटली. कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल 30' टाकलं तर गप्प बसलेल्या जोडण्या राउटर कापत नाही. पण चाळीस जीबी पाठवताना मुळात एससीपी वापरूच नये. ते तुटलं की पहिल्यापासून. आरसिंक 'हायफन ए मोठा पी' देऊन चालवा, टीमक्सच्या (लॉगिन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत. पुन्हा सुरू केलं की आधी गेलेला भाग वापरून पुढे जातं. आरसिंक दोन्ही बाजूंना असावं लागतं. पलीकडे नसेल तर 'कमांड नॉट फाउंड' येतं.

हजारो बारक्या फाइली असतील तर प्रत्येक फाइलमागे होणाऱ्या फेऱ्यांनी वेळ जातो, नेटचा दोष नसतो. टारचा (अनेक फाइली एकात बांधणाऱ्या कमांडचा) पाइप एसएसएचमध्ये सोडून पलीकडे उलगडला की पहिली खेप झरझर जाते. स्क्रिप्टमध्ये लूप फिरवून एकदम वीस एससीपी सोडलेत तर मात्र काही जोडण्या 'केईएक्स एक्स्चेंज आयडेंटिफिकेशन' म्हणून तुटतील. लॉगिन न झालेल्या दहा जोडण्या साठल्या की सर्व्हर पुढच्या जोडण्यांतल्या तीस टक्के चिठ्ठी काढावी तशा नाकारू लागतो.

हाताने चालतं, क्रॉनमध्ये नाही

ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनजवळ तुमचा एजंट नसतो, त्यामुळे पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) असलेली की तिथे मुकी. क्रॉन रूटचं असेल तर नोन-होस्ट्स फाइलही (ओळखीच्या सर्व्हरची यादी) रूटची, तुमची नाही, म्हणून 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड'. ज्या खात्याचं क्रॉन त्या खात्याने एकदा हाताने जोडून सर्व्हरच्या होस्ट-कीचा ठसा तपासून 'येस' म्हणा. या कामासाठी पासफ्रेज नसलेली वेगळी की करा आणि पलीकडच्या ऑथराइज्ड-कीजमध्ये तिला आरआरसिंकने (आरसिंकला बंधन घालणाऱ्या स्क्रिप्टने) एकाच फोल्डरापुरती बांधा. स्क्रिप्टमध्ये 'बॅचमोड येस' द्या, म्हणजे पासवर्डची वाट बघत अडकून राहण्याऐवजी लगेच एरर देऊन बाहेर पडेल.

'स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग नो' लिहू नका. नवे सर्व्हर आपोआप घ्यायचे असतील तर 'अॅक्सेप्ट-न्यू' आहे, तो नवा ठसा घेतो पण बदललेला नाकारतो. ठसा बदलल्याची मोठी सूचना आली आणि सर्व्हर खरंच नव्याने टाकलाय अशी खात्री असेल, तर 'एसएसएच-कीजेन -मोठा आर सर्व्हर' ने जुनी नोंद काढा. वेगळा पोर्ट असेल तर पत्ता चौकोनी कंसात, मग कोलन आणि पोर्ट.

क्रॉनच्या लॉगमध्ये मराठी फाइलींची नावं उलटी रेघ, हॅश, 340, पुन्हा तेच आणि 244 अशी दिसली तर घाबरू नका. क्रॉनची लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) साधी असते, आरसिंक ओळखू न आलेले बाइट आठच्या पद्धतीत छापतं. फाइलींची नावं ठीक असतात. आरसिंकला 'हायफन 8' द्या.

देवनागरी नावांची खोडी

मराठी नावांच्या फाइली नेताना दोन गोष्टी खरोखर बिघडतात. एक, लांबी. विंडोजच्या एनटीएफएसवर नावाला 255 एकक (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक) मिळतात, लिनक्सच्या ईएक्सटी4 वर 255 बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, हलंत हीसुद्धा वेगळी चिन्हं. म्हणजे सगळी मिळून 85. 'ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त...' अशी ऐसपैस नावं विंडोजवर बिनबोभाट राहतात आणि लिनक्सवर 'फाइल नेम टू लाँग' होतात. नाव छोटं करण्याला पर्याय नाही.

दुसरी खोडी 'ऱ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आहे, पण र आणि खाली नुक्ता असंही लिहिता येतं. मॅकची जुनी एचएफएस-प्लस डिस्क नावं फोडून ठेवते. त्यामुळे 'कऱ्हाड' लिनक्सवर 18 बाइटचं आणि त्या मॅकवरून आलेलं 21 बाइटचं. दिसायला तंतोतंत सारखं, आरसिंकच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. ती 'नवी' म्हणून जाते आणि सर्व्हरवर जोडी जमते. मॅकवर आरसिंक 3 घालून 'आयकॉन्व्ह = यूटीएफ-8-मॅक, यूटीएफ-8' हा पर्याय द्या. क्रम असा: आधी तुमच्या बाजूची पद्धत, मग पलीकडची.

कोलन आणि तिरकी रेघ

कमांड बिनतक्रार संपली, सर्व्हरवर फाइल नाही? तुमच्याच फोल्डरात 'नाव@सर्व्हर' नावाची फाइल शोधा. शेवटचा कोलन राहिला होता. उलट, फाइलच्या नावातच कोलन असेल, समजा 'सभा-10:30', तर कोलनच्या आधीचा भाग होस्ट समजला जातो. आधी टिंब आणि तिरकी रेघ लावा.

आरसिंकमध्ये उगमाच्या फोल्डराला शेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरासकट. एससीपीला 'हायफन आर' देऊन तीच कमांड दुसऱ्यांदा मारली तर फोल्डरात फोल्डर तयार होतं, कारण पहिल्या खेपेला ते पलीकडे नव्हतं आणि आता आहे.

आणि 'राइट रिमोट... फेल्युअर' एवढंच मोघम आलं तर पलीकडची डिस्क बघा. एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत 'जागा संपली' यासाठी वेगळा कोडच नाही, आणि ओपनएसएसएच तीच वापरतं. 'डीएफ -एच' बघा. तिथे जागा दिसत असेल तर 'डीएफ -आय' (फाइलींची कमाल संख्या संपली का), मग कोटा (खात्याला ठरवून दिलेली जागा). अर्धवट राहिलेली फाइल पलीकडे तशीच पडलेली असते. दोन्हीकडे एसएचए256सम काढून जुळवल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.